मिररलेस कॅमेरा आणि लेन्सची तुलना: एक भिंत, पाच वर्तमानपत्रं आणि ट्रायपॉड

कॅमेऱ्यांच्या तुलना वाचायला तोटा नाही. पण बऱ्याच तुलनांमध्ये दोन कॅमेऱ्यांवर दोन वेगळ्या लेन्स असतात, प्रकाश वेगळा असतो, एक फोटो रॉमधून (कॅमेऱ्याची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) काढलेला असतो आणि दुसरा थेट जेपेग (कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेला फोटो). शेवटी ‘याचे रंग जास्त छान’ असा निकाल लागतो आणि नवखा माणूस तेवढ्यावर लाखभर रुपये मोजतो. घरातली भिंत आणि रद्दीतले पेपर वापरून एका रविवारात याहून भरवशाची तुलना करता येते. त्यासाठी कॅमेरा विकत घेतलेला असायला हवा असंही नाही. मित्राचा मागून आणा, नाहीतर भाड्याने घ्या. पुण्या-मुंबईत बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात, ओळखपत्र आणि अनामत रक्कम ठेवावी लागते.

पथ्य एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बॉडी तपासायची तर लेन्स, प्रकाश, शटर (प्रकाश किती वेळ आत घ्यायचा) आणि अ‍ॅपर्चर (लेन्सच्या आतलं भोक किती उघडायचं) तेच ठेवायचं. लेन्स तपासायची तर बॉडी तीच. वाचायला सोपं वाटतं, पण पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका पथ्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: फोटो कुठे बघणार ते ठरवा

‘कुठला कॅमेरा चांगला’ या प्रश्नाला उत्तर नसतं. भिगवणला नावेतून उडते फ्लेमिंगो टिपायचे आहेत, ट्यूबलाइटच्या उजेडात घरातलं रांगतं मूल टिपायचं आहे, की ट्रायपॉड लावून कास पठारावरची फुलं, यावर काय तपासायचं ते ठरतं. पहिल्यासाठी फोकसचा वेग, दुसऱ्यासाठी कमी प्रकाशातला नॉइज (फोटोतले दाणे), तिसऱ्यासाठी लेन्सचे कोपरे. यातली तुमची गरज कागदावर लिहा आणि तेवढीच तपासा.

मग फोटोचा शेवटचा आकार बघा. फोर-के टीव्हीवर जेमतेम ८३ लाख पिक्सेल असतात. ए-४ कागदावर ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला सुमारे ८७ लाख पिक्सेल पुरतात. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय १८ इंची पान तितक्याच बारकाईने छापायचं तर १.९४ कोटी लागतात. म्हणजे २४ मेगापिक्सेलचा (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल) साधा कॅमेराही अल्बमचं अख्खं पान सहज भरतो.

मेगापिक्सेलच्या आकड्याने आणखी एक गंमत होते. २४ वरून ४० वर गेलं की वाढ मोठी वाटते, पण हा आकडा क्षेत्रफळाचा आहे. फुजीफिल्मच्या ४० मेगापिक्सेलच्या एक्स-टी५ चा फोटो ७७२८ पिक्सेल रुंद असतो, नेहमीच्या २४ मेगापिक्सेलचा ६०००. रुंदीत फरक २९ टक्के, तोही लेन्स तेवढी बारकाई पोहोचवत असेल तरच. किटबरोबर आलेल्या साध्या झूमवर हे जास्तीचे पिक्सेल बहुतेक वेळा धूसरपणाचंच बारकाईने चित्रण करतात.

दुसरी पायरी: सेन्सरचा हिशेब

मिररलेसचा, म्हणजे आतला आरसा काढून टाकलेल्या कॅमेऱ्यांचा, काळ साधारण २००८ पासून मोजतात. ऑलिम्पस आणि पॅनासॉनिक यांनी त्या वर्षी मायक्रो फोर थर्ड्स (लहान सेन्सरची पद्धत) जाहीर केलं आणि पॅनासॉनिकचा जी१ आला. सोनीने २०१३ मध्ये फुल फ्रेमचे ए७ आणि ए७आर आणले, तर निकॉनचा झेड आणि कॅननचा आर हे दोन्ही फुल फ्रेम घराणे २०१८ मध्ये सुरू झाले. आरसा गेल्यामुळे लेन्सची मागची काच सेन्सरच्या (प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या) खूप जवळ आणता आली. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसते ती कडी) माउंटपासून सेन्सर ४६.५ मिलिमीटर दूर होता, झेडमध्ये तो फक्त १६ मिलिमीटरवर आहे. वाइड लेन्सचे कोपरे गेल्या काही वर्षांत सुधारले त्याचं एक मोठं कारण हेच. जुन्या लेन्स अडॅप्टर लावून नव्या बॉडीवर चालतात तेही याच मोकळ्या जागेमुळे.

बाजारात नवख्याला सेन्सरचे तीन आकार भेटतात. फुल फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटर, एपीएस-सी साधारण २३.५ बाय १५.६ (कॅननचा किंचित लहान), आणि मायक्रो फोर थर्ड्स १७.३ बाय १३. क्षेत्रफळात फुल फ्रेम एपीएस-सीच्या सव्वादोन पटींहून थोडा मोठा आणि मायक्रो फोर थर्ड्सच्या जवळजवळ चौपट. प्रकाशाच्या भाषेत हा फरक अनुक्रमे सव्वा स्टॉप आणि दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा).

इथे बहुतेक वाद पेटतात. फोकल लेंग्थला (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा) क्रॉपने, म्हणजे सेन्सरचा कर्ण फुल फ्रेमहून जितक्या पटींनी लहान त्या आकड्याने, गुणायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं: मायक्रो फोर थर्ड्सवरची २५ मिमी लेन्स फुल फ्रेमवरच्या ५० मिमीएवढंच दृश्य दाखवते. पण अ‍ॅपर्चरच्या आकड्यालाही (एफ/ नंतरचा, तो लहान तितकं भोक मोठं) त्याच क्रॉपने गुणावं लागतं, हे जाहिरातीत सोयीने राहून जातं. २५ मिमी एफ/१.४ ही लेन्स मागची धूसरता आणि एकूण गोळा केलेला प्रकाश या दोन्ही बाबतींत फुल फ्रेमवरच्या ५० मिमी एफ/२.८ सारखी वागते. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, मात्र एफ/१.४ चंच मिळतं, कारण एक्स्पोजर दर चौरस मिलिमीटरवर पडणाऱ्या प्रकाशाचं असतं. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. वाद घालणारे बहुधा एकेकच घेऊन बसतात.

म्हणून फुल फ्रेमची स्वस्त ५० मिमी एफ/१.८ लेन्स मोठी स्पर्धक आहे. मायक्रो फोर थर्ड्सवर तिची बरोबरी करायला एफ/०.९ च्या आसपासची लेन्स लागते. फोख्टलेंडरची २५ मिमी एफ/०.९५ आहे, पण ती मॅन्युअल फोकसची, जड आणि महाग. उलट एफ/५.६ ला, भर उन्हात, डोंगरदऱ्यांचे फोटो काढणाऱ्याला या हिशेबाने काडीचा फरक पडत नाही. त्याने लहान सेन्सर घ्यावा, पाठीवरचं ओझं कमी करावं आणि राजगड आरामात चढावा.

तिसरी पायरी: मांडणी

कोरी सपाट भिंत निवडा. वर्तमानपत्राची पाच पानं घ्या, तीही छोट्या जाहिरातींची, कारण अक्षर बारीक आणि चौकटी गच्च असतात. एक पान मधोमध आणि चार पानं चौकटीच्या चार कोपऱ्यांत येतील अशी ताणून, सुरकुती न ठेवता चिकटवा. ५० मिमीची लेन्स फुल फ्रेमवर असेल तर अडीच मीटरवर ट्रायपॉड लावा. चौकट साधारण पावणेदोन मीटर रुंद येईल. लहान सेन्सरच्या (क्रॉप) बॉडीवर दृश्य तेवढंच भरेल इतकं अंतर ठेवा.

कॅमेरा भिंतीला अगदी समांतर हवा. थोडा तिरका असला तरी एका बाजूचे कोपरे धूसर येतात आणि दोष बिचाऱ्या लेन्सवर जातो. जुनी युक्ती अशी: भिंतीच्या मध्यभागी छोटा सपाट आरसा टेकवा आणि स्क्रीनवर बघा. लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं की कॅमेरा समांतर आहे. मग आरसा काढा आणि ट्रायपॉडला हात लावू नका.

सेटिंग करताना घाई नको. मोड मॅन्युअल, आयएसओ (फोटो किती उजळवायचा त्याचा आकडा) सगळ्यात खालचा मूळ, फाइल रॉ. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई करणारी सोय) बंद. दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का बसत नाही. शटरसाठी ‘इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन’ असेल तर तो निवडा, मेकॅनिकल पडद्याच्या पहिल्या धक्क्याने येणारा सूक्ष्म हादरा टळतो. घरातल्या दिव्यांखाली पूर्ण सायलेंट शटर वापरू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि सायलेंट शटरमध्ये सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्याने फोटोत आडवे पट्टे उमटतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर बहुतेक वेळा हा त्रास होत नाही. सगळ्यात बरं म्हणजे दिवसा, खिडकीच्या प्रकाशात काम उरकणं, फक्त ढगांची ये-जा नसलेला दिवस निवडा.

रंगासाठी करड्या कार्डाचा एक फोटो सुरुवातीला काढून ठेवा. पुढे सगळ्या रॉ फाइलना त्याच कार्डावरून व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं अशी रंगदुरुस्ती) द्यायचा.

चौथी पायरी: लेन्सची परीक्षा

सुरुवात पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरने करा आणि एकेक स्टॉप खाली जा: एफ/१.८, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. दर अ‍ॅपर्चरला फोकस नव्याने करा. काही लेन्समध्ये अ‍ॅपर्चर बदललं की फोकसची जागा किंचित सरकते, आणि हे माहीत नसेल तर लेन्स एफ/४ ला बिघडते असा गैरसमज होतो. एकाच अ‍ॅपर्चरला तीन-चार फोटो काढा, दर वेळी फोकस हलवून पुन्हा लावा आणि त्यातला सगळ्यात रेखीव तेवढा तुलनेला घ्या. ऑटोफोकस दर वेळी अगदी त्याच जागी बसत नाही. एका फोटोवर निकाल देणाऱ्याकडे दुर्लक्ष करा.

मध्यभाग जवळपास सगळ्याच आधुनिक लेन्सचा चांगला असतो. बघायचे ते कोपरे. पहिल्या फेरीत फोकस मध्यावर ठेवा, दुसऱ्या फेरीत फोकस पॉइंट कोपऱ्यातल्या पानावर नेऊन तसंच करा. दुसऱ्या फेरीत कोपरा लख्ख आला तर लेन्सचा फोकसचा पृष्ठभाग वक्र आहे एवढंच. माणसांचे फोटो काढणाऱ्याने ते मनावर घेऊ नये, दस्तऐवज किंवा भित्तिचित्रं टिपणाऱ्याने घ्यावं.

चारही कोपरे एकमेकांशी ताडून पाहा. चारही सारखेच मऊ असतील तर तो त्या लेन्सच्या रचनेचा स्वभाव. तीन लख्ख आणि एकच धूसर असेल तर तुमच्या हातातल्या नगाची एखादी काच मध्यातून सरकलेली असू शकते. खात्री करायला कॅमेरा उलटा करा, म्हणजे वरचा भाग खाली, पुन्हा समांतर लावा आणि फोटो घ्या. धूसर कोपरा फोटोत त्याच जागी राहिला तर दोष लेन्सचा. भिंतीवरच्या त्याच पानाला चिकटून राहिला तर मांडणीचा. झूम लेन्समध्ये ही कसरत दोन्ही टोकांना आणि मधे करावी लागते. कंटाळवाणं आहे, पण नवी लेन्स परत करण्याच्या मुदतीत एवढं एक काम केलंच पाहिजे.

आकडा मोठा केला की लेन्स सुधारत जाते हे ठरावीक हद्दीपर्यंतच खरं. अ‍ॅपर्चरचं भोक लहान झालं की प्रकाश विवर्तनाने पसरतो. हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू एफ/८ ला सुमारे १०.७ मायक्रॉन रुंद ठिपका होतो, एफ/१६ ला साडेएकवीस. २४ मेगापिक्सेल फुल फ्रेमचा एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा, २० मेगापिक्सेल मायक्रो फोर थर्ड्सचा जेमतेम ३.३. त्यामुळे फुल फ्रेमवर लेन्स साधारण एफ/५.६ ते ८ ला सर्वोत्तम दिसते, मायक्रो फोर थर्ड्सवर एफ/४ च्या आसपास. दोघांची तुलना एफ/११ ला करून लहान सेन्सरला नावं ठेवणं हा शुद्ध अन्याय आहे.

भिंतीवरच्या निकालाला मर्यादा आहे. अडीच मीटरवर उत्तम असलेली लेन्स दूरच्या दृश्याला तशीच असेल असं नाही. निसर्गचित्रांसाठी घेत असाल तर सकाळी गच्चीवर जाऊन दूरच्या इमारतींचे फोटो काढा. उन्हं वर आली की तापलेल्या पत्र्यांवरची हवा थरथरते आणि कुठलीच लेन्स रेखीव दिसत नाही.

पाचवी पायरी: नॉइज

नॉइजचा मोठा वाटा सेन्सरचा नसतोच, तो प्रकाशाचा असतो. प्रकाशकण एकेक करून, अनियमितपणे येऊन पडतात. एका पिक्सेलवर सरासरी १०,००० कण पडले तर चढउतार त्याच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे १०० चा, १ टक्का. १०० कणच पडले तर चढउतार १० चा, पण तो १० टक्के. अंधारातला फोटो दाणेदार दिसतो तो यामुळे. आयएसओ वाढवल्याने दाणे येतात असं आपण म्हणतो, खरं तर प्रकाश कमी पडलेला असतो.

यावरून परीक्षा अशी. संध्याकाळी एका दिव्यात टेबल मांडा: काळं कापड, स्टीलचं भांडं, लोकरीचा गुंडा, रंगीत पुस्तकं. दोन्ही कॅमेऱ्यांवर शटर, अ‍ॅपर्चर आणि दिवा तेच ठेवा. पडद्यावर दिसणाऱ्या आयएसओच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, तो ठरवायची मुभा कंपन्यांना एकाहून अधिक पद्धतींनी आहे, त्यामुळे दोन कंपन्यांचा ३२०० सारखाच उजळ असेलच असं नाही. एकीचा फोटो काळपट आला तर रॉमध्ये उजळून बरोबरीला आणा आणि मगच नॉइज बघा.

आता दुसरा प्रयोग. फुल फ्रेमवर एफ/५.६, आयएसओ ३२००. मायक्रो फोर थर्ड्सवर एफ/२.८, आयएसओ ८००. शटर आणि दृश्य दोन्हीकडे सारखं. धूसरता सारखी, एकूण प्रकाश सारखा, आणि नॉइजही इतका जवळ येतो की कुठला फोटो कुठला हे ओळखताना भल्याभल्यांची अडचण होते. मोठ्या सेन्सरचा फायदा मोठं अ‍ॅपर्चर खरोखर वापरलं तरच खिशात पडतो, हे कुठल्याही व्याख्यानापेक्षा या दोन फोटोंतून पटकन कळतं.

सहावी पायरी: संगणकावर

दोन्ही कॅमेऱ्यांच्या रॉ फाइल एकाच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट आहेत. लाइटरूम वापरत असाल तर लक्षात ठेवा, ते न विचारताच शार्पनिंग ४० आणि रंगाचा नॉइज कमी करणं २५ वर ठेवतं. दोन्ही फाइलना हेच आकडे चालतील, पण तेच असायला हवेत. फुजीफिल्मच्या बऱ्याच सेन्सरवर रंगांची जाळी नेहमीच्या बेयर पद्धतीची नसून सहा बाय सहाची एक्स-ट्रान्स असते, आणि सॉफ्टवेअर बदललं की तिचा पोत डोळ्यांना दिसेल इतका बदलतो. तिथे दोन सॉफ्टवेअरमध्ये बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

शंभर टक्क्यांवर मोठं करून दोन वेगळ्या मेगापिक्सेलचे फोटो शेजारी ठेवणं ही सगळ्यात जास्त होणारी फसवणूक. ४० मेगापिक्सेलचा फोटो तिथे जास्त दाणेदार दिसतो, कारण तो जास्त मोठा करून बघितला जातोय. दोन्ही फोटो एकाच रुंदीला आणा, समजा ४००० पिक्सेल, आणि मग बघा. दाण्यांतला फरक बराचसा विरघळतो.

मिररलेसच्या अनेक लेन्समध्ये वाकडेपणा आणि कोपऱ्यांतला अंधार रॉ फाइलमधल्या सूचनांवरून आपोआप दुरुस्त होतो. ती दुरुस्ती चालू ठेवूनच तुलना करा. आपल्याला अखेर दुरुस्त झालेलाच फोटो मिळणार असतो, आणि कंपनीने काच सोपी करून बाकीचं काम गणितावर टाकलं तर त्यात गैर काही नाही. कोपरे ताणल्याने थोडे मऊ होतात, तेवढं तुमच्या निकालात आपोआप उतरतं.

रंगांवर मी फार वेळ घालवत नाही. त्वचेचे रंग, हिरवळ, आभाळ हे जेपेगमध्ये कंपनीच्या चवीप्रमाणे येतात आणि ती चव आवडणं-नावडणं योग्यच आहे. थेट जेपेग वापरणार असाल तर घरच्या माणसांना खिडकीशी बसवून दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपा आणि त्यांनाच विचारा.

उरलेल्या दोन परीक्षा

धूसर पार्श्वभूमीसाठी लांब दिव्यांची माळ लावा, जवळ एखादी वस्तू ठेवा, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला फोटो काढा. कडेचे गोल लिंबाच्या फोडीसारखे चपटे होतात का, गोलांच्या आत कांद्यासारखी वर्तुळं दिसतात का, ते बघा. वर्तुळं साच्यात घडवलेल्या अ‍ॅस्फेरिकल काचेमुळे येतात. चपटेपणा दोन स्टॉप खाली गेलं की बराच कमी होतो.

फोकसचा वेग भिंतीसमोर कळत नाही. सोसायटीच्या गेटपाशी उभे राहा, समोरून येणाऱ्या सायकलस्वार मुलांवर सलग फोटो काढा आणि किती चेहरे लख्ख आले ते मोजा. दोन्ही कॅमेऱ्यांना तेच मूल, तीच वाट, तोच वेग. लेन्सची मोटर मंद असेल तर महागडी बॉडीही हात टेकते, म्हणून ही परीक्षा तुम्ही घेणार असलेल्या लेन्सवरच करा.

वापरलेली लेन्स घेताना

पैसे बॉडीवर कमी आणि लेन्सवर जास्त घालावेत असं माझं मत आहे, आणि म्हणून वापरलेल्या लेन्सकडे नवख्याने आवर्जून बघावं. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात एका दुपारी पुष्कळ पर्याय हाताळता येतात. आपल्याकडे पहिला शत्रू बुरशी, विशेषतः कोकणात, गोव्यात आणि मुंबईत पावसाळे काढलेल्या लेन्सवर. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून तिरपा मारा आणि समोरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर लेन्स खाली ठेवा, भाव कितीही चांगला असो. चार-दोन धुळीचे कण मात्र फोटोत दिसत नाहीत. फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत फिरवा, झूम आत-बाहेर करताना खरखर जाणवते का बघा, आणि पानं चिकटवायला भिंत नसली तरी समोरच्या विटांच्या किंवा टाइल्सच्या भिंतीचा एक फोटो काढून चारही कोपरे तिथेच तपासा.

घरी आणल्यावर ती कपड्यांच्या कपाटात ठेवू नका. हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक एवढं पुरतं. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा, फार कोरडीही नको. जेलचा रंग बदलला की ते वाळवून पुन्हा वापरा. जून ते सप्टेंबर हे काम आठवड्याला एकदा करावं लागतं.

नवी घेतली तर बिलावर बॉडीचा आणि लेन्सचा अनुक्रमांक लिहून घ्या आणि वॉरंटी भारतातल्या सेवाकेंद्रात चालणारी आहे ना, हे पैसे देण्याआधी विचारा. पेटीवरचा अनुक्रमांक आणि लेन्सच्या अंगावरचा अनुक्रमांक तिथल्या तिथे जुळवून बघा.